पितळेवर कोरलेला साहेब

आमच्या बंगल्यावर येणाऱ्या पाहुण्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी त्र्यंबकला दर्शन, दुपारी दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीत चार घोट, आणि उन्हं कलली की पेठ रस्त्याने आमच्या फाटकाशी. पुण्य आणि मौज एकाच टाकीभर पेट्रोलमध्ये उरकून ही मंडळी शांतता शोधायला आमच्याकडे येतात आणि गाडीतून उतरल्या उतरल्या वायफायचा पासवर्ड विचारतात. मी गोड हसून सांगते. गोड हसणं हा या धंद्याचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा थापा.

बंगला मात्र खराखुरा जुना. इंग्रजांच्या काळात जंगल खात्याच्या साहेबासाठी बांधलेला, पुढे माझ्या सासऱ्यांनी लिलावात घेतला. काळ्या दगडाच्या भिंती, तीन बाजूंनी रुंद व्हरांडा, वर मंगलोरी कौलं, आणि हॉलमध्ये एक फायरप्लेस. त्यात मी लग्न होऊन आल्यापासून कधी लाकूड पेटलेलं नाही, कारण धुराड्यात मधमाश्यांनी ठाण मांडलंय. समोर सागाचं जंगल, उतारावर नागली आणि वरईची शेतं, खाली ओढा. बस, एवढंच. इथे लढाई झाली नाही, कुणी थोर पुरुष मुक्कामाला आला नाही, आणि साधं भूतसुद्धा नाही. पाहुण्यांना ते पुरत नाही. जुन्या घरात झोपायचं म्हणजे तिथे कुणीतरी मेलेलं तरी हवं, नाहीतर प्रेमात पडलेलं तरी.

बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आमचा राखणदार राहायचा. त्याचा बापही इथेच राखणदार होता, त्यामुळे बंगला आमचा की त्यांचा असा प्रश्न एखाद्याला पडला असता, पण आम्हाला तो कधी पडला नाही. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरेतुरे करायची आणि तो मला बाई म्हणायचा. बायको पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायची. एकुलती एक मुलगी बारावी झालेली, हुशार, पेठच्या कॉलेजात जायची, मला काकू म्हणायची. आणि चौथी त्याची आई. ऐंशीला टेकलेली, मूठभर अंगाची, कंबरेत वाकलेली म्हातारी, आणि तिचे डोळे घारे.

तिच्या डोळ्यांपासून सगळं सुरू झालं. मुंबईच्या एका पाहुणीनं तिला उन्हात शेंगा फोडत बसलेली पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "हे डोळे कुठून आले हो हिच्याकडे?" चहा व्हायला वेळ होता, मला काहीतरी बोलायचं होतं. मी नुसती भुवई उचलली आणि म्हटलं, "इथे एक साहेब राहायचा ना." बस. पुढचं तिनंच मनात रचलं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी बघितला, आणि मला कळलं की बंगल्याला जे कमी होतं ते हेच.

पुढच्या पाहुण्यांना मी दोन वाक्यं जास्त सांगितली. त्याच्या पुढच्यांना पाच. मला लिहिण्याची हौस आहे. कॉलेजात असताना माझी कथा वार्षिक अंकात आली होती आणि तेवढ्यावर मी तीस वर्षं स्वतःला लेखिका समजत आले. त्या हौसेला आता रोज श्रोते मिळायला लागले. माझा साहेब उंच झाला, त्याला संध्याकाळी व्हरांड्यात बसून पत्रं लिहायची सवय लागली, त्याला ओढ्यावरून पाणी भरणारी एक मुलगी आवडायला लागली. स्वातंत्र्य आलं, तो बोटीनं निघून गेला, आणि ती पोटुशी मागे राहिली. ते मूल म्हणजे समोर शेंगा फोडत बसलेली ही आजी. एवढं सांगून झालं की मी जरा वेळ गप्प बसायची. ते गप्प बसणं मी आरशासमोर बसवलं होतं.

पाहुण्या बाया डोळे पुसायच्या. मग जाऊन म्हातारीशेजारी बसायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या, फोटो काढायच्या. कुणी तिला फायरप्लेसपाशी उभी करायचं. तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं. लोक आपल्याला मान देतात, बिस्किटं देतात, याचंच तिला अप्रूप. फोटो काढायचा म्हटलं की पदर नीट करून ताठ उभी राहायची, कंबर जेवढी सरळ व्हायची तेवढी करून. मी ते कौतुकानं बघायची. खोटं कशाला बोलू, कौतुकानंच बघायची.

मग मी त्यावर कडी केली. नाशिकला भांडी बाजारात जाऊन हातभर लांबीची पितळेची पाटी करून घेतली आणि त्यावर माझा मजकूर कोरून घेतला, वर मराठी, खाली इंग्रजी. "या व्हरांड्यात जंगलाचा साहेब आणि पाणी भरणारी डोंगरकन्या यांची प्रीत फुलली. त्यांची लेक आजही याच आवारात राहते." कोरणाऱ्या कारागिरानं विचारलं, "खरंय का ताई?" मी म्हटलं, "शंभर टक्के." दाराच्या उजव्या हाताला, चार स्क्रू मारून, राखणदारानंच ती बसवली. त्याला वाचता येत होतं, पण चौथीपर्यंतचं, आणि पाटीवरची अक्षरं वळणावळणाची. "बंगल्याचा इतिहास आहे," मी सांगितलं. दर शनिवारी पाहुणे यायच्या आधी तो चिंच लावून ती पाटी लखलखीत करायचा.

मुलीनं मात्र ती पहिल्याच दिवशी वाचली. मी आत उशांना अभ्रे घालत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"काकू, पाटीवर आहे ती लेक कोण?"

"अगं असंच, पाहुण्यांसाठी. गंमत."

"आवारात आजीच राहते. दुसरं कोण राहतं?"

"कुणाचं नाव घातलंय का त्यात?"

"नाव कशाला पाहिजे? काढून टाका ना. आमच्यातलं कुणी वाचलं तर?"

"तुमच्यातलं कोण येतंय इथे पाट्या वाचायला?" मी म्हटलं. हे वाक्य मी जसंच्या तसं बोलले. बोलताना माझा हातसुद्धा थांबला नाही, उशी अभ्र्यात बसवतच होते. ती निघून गेली. नंतर तिनं तो विषय काढला नाही. मला वाटलं, विसरली.

त्या दिवाळीनंतर तिची सोयरीक आली. खरं तर तिनंच आणली. मुलगा एसटीत कंडक्टर, नाशिक-पेठ गाडीवर. रोज त्याच गाडीनं कॉलेजला जाता येता दोघांचं जमलं होतं, आणि मग त्यानं रीतसर घरच्यांना पाठवलं. मुलाचं घर बरं, स्वतःची शेती, निर्व्यसनी. राखणदाराच्या पायांना जणू चाकं लागली होती. मुलगी स्वयंपाकघरात गुणगुणायची. मला ती खरंच आवडायची, आणि तिचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटायचं. हेही लिहून ठेवते, म्हणजे मी कशी आहे ते कळेल.

त्यांच्यात सुपारी फोडायच्या आधी मोठी माणसं समोरासमोर बसून कूळ विचारतात. आई कुणाची, आजी कुणाची, हे पोरीनं नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगायचं असतं. पंधरा-सोळा माणसं येणार, आणि मागच्या दोन खोल्यांत ती मावणार कुठे? मी मोठ्या मनानं म्हटलं, "अरे, व्हरांड्यात बसवा की. त्या दिवशी बुकिंग घेत नाही मी." राखणदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आदल्या दिवशी सगळा व्हरांडा धुतला, सतरंज्या घातल्या, आणि सवयीनं चिंच लावून पाटीही घासली.

सकाळी मुलगी माझ्याकडे आली. नवी साडी, केसांत अबोली.

"काकू, आजच्या दिवस तरी पाटी काढाल का?"

मी घाईत होते. स्क्रूड्रायव्हर गाडीत होता, गाडी घेऊन हे नाशिकला गेलेले. "अगं, सुपारी फोडायला येतात माणसं, पाट्या वाचायला नाही," मी म्हटलं. तिनं मग स्वतःच झेंडूची माळ आणून पाटीवर सोडली. दारालाही तशीच माळ होती, त्यामुळे ते शोभून दिसलं.

मुलाचा मामा आश्रमशाळेतला निवृत्त गुरुजी होता. गुरुजींना दिसेल ते मोठ्यानं वाचायची खोड. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, पाण्याच्या जारवरचं लिहिलेलं वाचलं. मग ते टेकले ते नेमके पाटीशेजारी. माळेखालून एक अक्षर चमकलं असावं. त्यांनी दोन बोटांनी माळ बाजूला केली, चष्मा वर सरकवला आणि वर्गात वाचावं तसं, शब्दाशब्दाला थांबत, सगळं वाचलं. "त्यांची लेक आजही याच आवारात राहते." वाचून झाल्यावर त्यांनी हसत विचारलं, "ही कोण वो लेक?"

म्हातारी समोरच बसली होती, डोक्यावर पदर, उन्हाकडे तोंड. सोळा माणसांनी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. मला आठवतं, म्हातारी हसली. तिला वाटलं फोटो काढतायत.

सुपारी फुटली नाही. चहा घेऊन माणसं उठली.

आठ दिवसांनी राखणदाराच्या गावात पंच बसले. त्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. रागावला नव्हता, आणि मला तेच सहन होत नव्हतं. "बाई, तुमी निसतं येऊन सांगा, खोटं हाय म्हून. तुमचं ऐकतील," तो म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. मला खात्री होती की माझ्या एका शब्दावर सगळं सुरळीत होईल. शिकलेली बाई, शहरातली, गाडीतून येऊन चूक कबूल करते म्हणजे काय कमी झालं? जाताना मी चांगल्यातली साडी नेसले होते.

समाजमंदिरात दुपारी सगळे जमले होते. एका बाजूला मुलाकडचे, कंडक्टर मान खाली घालून बसलेला. दुसऱ्या बाजूला हे चौघं. आधी म्हातारीला विचारलं. ती उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात आपल्या बापाचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं, दोघांचं गाव सांगितलं. "माझ्या बापाचंच डोळं हायत ह्ये," ती म्हणाली, "त्याचंबी आसंच व्हतं." पण तिच्या बापाचे डोळे पाहिलेलं त्या मंदिरात कुणीही जिवंत नव्हतं.

मग मी उठले. मी सांगितलं की साहेबाची गोष्ट माझ्या मनातली आहे, तिला काडीचा आधार नाही, सगळं मी रचलं.

मधले म्हातारे पंच शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "मंग लिवलं कशाला, बाई?"

"पाहुण्यांना आवडतं म्हणून."

"आसलं आवडतं?"

बायकांच्या बाजूनं कुणीतरी हसलं.

"आमच्यात लग्नात भांडं देत्यात," पंच म्हणाले, "त्याच्यावं नाव घालत्यात. कुणी कुणाला दिलं ते. पुढं वाटणीत भांडान झालं तर आमी हंडा उलटा करतो आन् नाव वाचतो. तितं वाद मिटला. कागूद खोटा आसंल, मानूस खोटं बोलंल, पन पितळंवर कुणी खोटं घालीत नाय. तुमी शिकल्या सवरल्या. तुमी घालाल व्हय?"

"घातलं," मी म्हटलं. "मी घातलं."

ते माझ्याकडे दयेनं बघायला लागले. त्यांना वाटलं, पोरीचं लग्न मोडू नये म्हणून ही भली बाई सगळं आपल्या अंगावर घेतेय. गुरुजी तर म्हणाले, "बाईंचं मन मोठं हाय." उभ्या आयुष्यात माझ्या मोठ्या मनाची एवढी स्तुती कुणी केली नसेल, आणि मी तिथे घसा फोडून सांगत होते की मी खोटारडी आहे. कुणी ऐकेना. लग्न मोडलं. कंडक्टरनं उठताना एकदा मुलीकडे बघितलं, पण मामानं दंड धरला आणि तो गेला. महिन्याभरात त्यानं गाडी बदलून घेतली.

घरी येऊन मी पाटी उपटून काढली. स्क्रू फिरेनात, तर पक्कड लावून ओढले आणि भिंतीचा दगड खरवडला. त्याचाही उलटाच परिणाम झाला. खरं होतं म्हणून बाईंनी झाकलं, असं गावात झालं. राखणदाराची बायको आता माझ्याकडे न बघता भाकऱ्या थापायची. मुलीनं कॉलेज सोडलं आणि दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांवर रोजानं जायला लागली. सकाळी बायकांनी भरलेली जीप फाटकाशी थांबायची, तिच्यात बसून जायची आणि संध्याकाळी औषध फवारलेल्या बागेचा वास अंगावर घेऊन यायची. माझ्याशी ती बोलायची नाही, ते मी समजू शकत होते. पण ती आजीशीही बोलेनाशी झाली. म्हातारीनं ताट वाढलं तर उठून जायची. पाटी ही नुसती गंमत आहे हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरीही.

एके दुपारी मी व्हरांड्यात पाहुण्यांची वाट बघत बसले होते. म्हातारी काठी टेकत आली आणि पायरीवर बसली.

"बाई," ती म्हणाली, "त्यो साहेब दिसाया कसा व्हता?"

"आजी, असा कुणी साहेब नव्हताच. मी बनवला तो."

"आता कशाला लपवता? व्हायचं ते झालं."

"लपवत नाही. देवाशप्पथ खोटं आहे सगळं."

"खोट्यावरनं कुनी लगीन मोडतं का? नात माझी बोलंना माझ्याशी. उगंच बोलंना व्हय?" ती माझी समजूत घालत होती. लहान मुलाला घालावी तशी. "मला राग नाय आला. एवढंच सांगा, मला बगितलं व्हतं का त्यानं? उचललं व्हतं कधी?"

मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. ती मान हलवत नुसती हसली, अन् मला संताप आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आला तो तिचा. पंचांसमोर खरं बोलले, गावात बोलले, आता हिच्यासमोर तीनदा बोलले, आणि कुणाला माझं खरं नकोच होतं. सगळ्यांना माझी थापच हवी होती. मग घ्या, असं मला झालं.

"हो," मी म्हटलं. "उचललं होतं."

"कुटं?"

"इथेच. व्हरांड्यात. संध्याकाळी पत्र लिहायला बसायचा, तेव्हा मांडीवर घ्यायचा तुम्हाला." मी पुढे सांगतच गेले. तो कसा उंच होता, त्याचे हात कसे होते, जाताना तो कसा रडला. कुठेही अडखळले नाही. पाहुण्यांच्या गोष्टीत तो तिच्या जन्माआधीच बोटीनं गेला होता, तेवढं बदललं; बाकी सगळं तयारच होतं.

ती जीव कानांत आणून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं समोरच्या सागांकडे बघितलं, पदरानं तोंड पुसलं.

"माझा बाप मेला तवा मी तीन दिस जेवले नाय," ती म्हणाली. "ह्ये माहीत आसतं तर येवढं रडले नसते."

ती अगदी शांतपणे बोलली, एखादा जुना घोळ आज कुठे उलगडला अशा आवाजात. मला त्याच क्षणी तिचे पाय धरून सांगता आलं असतं. तिनं चौथ्यांदा विश्वास ठेवला नसता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण मी प्रयत्नच केला नाही. फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला आणि मी पाहुण्यांना घ्यायला उठले.